कोरडा थर

सतरा नंबरच्या खोलीची खिडकी आमच्या घराण्याने तीन वेळा फोडली आणि तीन वेळा बुजवली. चौथ्यांदा ती आपोआप पडली, आणि त्यापायी बाबा आत गेले.

आत म्हणजे सतरा नंबरमध्येच. तिथे जागा रिकामी होती.

आम्ही गवंडी. शहरातल्या जुन्या तुरुंगाचं काम आमच्याकडे पणजोबांपासून. तुरुंगाला शंभर वर्षं झाली तेव्हा साहेबांनी, म्हणजे तुरुंगाच्या अधीक्षकांनी, एक पुस्तिका काढली होती. ‘सुधारणांची शंभर वर्षे’. चांगली जाड, गुळगुळीत कागदाची. त्यात सगळ्या थोर माणसांचे फोटो आहेत. त्या थोर माणसांनी जे जे केलं ते विटांमध्ये आम्ही केलं, पण फोटोच्या वेळी आम्हाला कुणी थांबवून घेतलं नाही.

त्या पुस्तिकेचं सार मी दोन मिनिटांत सांगतो. तुरुंग बांधला तेव्हा रस्त्याकडच्या चोवीस खोल्यांना खिडक्याच नव्हत्या. गुन्हेगाराला उजेड कशाला, असा तेव्हाचा विचार. मग एक दयाळू गृहस्थ आले. कैद्यांचे डोळे जातायत हे पाहून त्यांना रडू आलं, आणि पणजोबांनी चोवीस खिडक्या फोडल्या. मग परदेशात शिकून आलेले एक विद्वान आले. माणूस एकटा, गप्प आणि अंधारात ठेवला की त्याला पश्चात्ताप होतो, असं त्यांनी सिद्ध केलेलं होतं. आजोबांनी चोवीस खिडक्या बुजवल्या. पश्चात्ताप झालेले कैदी भिंतीवर डोकी आपटू लागले. डॉक्टरांनी तक्रार केली, आजोबांनी खिडक्या परत फोडल्या. मग कैदी खिडकीतून बायकापोरांशी बोलतात, त्याने मन चळतं, म्हणून परत बुजवल्या. मग कुठल्याशा आंदोलनात एक पुढारी आठ महिने आत बसले. सुटल्यावर ते मंत्री झाले, आणि समोर आलेल्या पहिल्याच कागदावर त्यांनी खिडक्या फोडायचा हुकूम काढला. त्या खिडक्या बाबांनी फोडल्या. सरकार पडलं, आणि बाबांनीच त्या परत बुजवल्या.

बहुतेक वेळा कारण माणुसकीचं होतं. हे मी चेष्टेने म्हणत नाही. पुस्तिकेत तसंच लिहिलंय.

आता कामाची गोष्ट. आजोबांनी पहिल्यांदा बुजवलं ते एकदम पक्कं. पुढे ते फोडताना दोन महिने गेले, निम्म्या विटांचा चुरा झाला आणि आजोबांच्या उजव्या हाताचं एक बोट कायमचं वाकडं झालं. तेव्हा त्यांना अक्कल आली. दुसऱ्यांदा बुजवताना त्यांनी सगळ्यात खालचा थर चुन्या-सिमेंटच्या मालात बसवलाच नाही, नुसत्या चाळलेल्या मातीत बसवला. बाजूंनाही जुन्या भिंतीत विटा अडकवल्या नाहीत, फक्त टेकवल्या. बाहेरून सगळ्या दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, सुबक भरल्या. बघणाऱ्याला भिंतच दिसणार. पण खालच्या थराच्या चार विटा काढल्या की वरचं सगळं शहाण्यासारखं खाली येतं. एक वीट फुटत नाही. खिडकी बुजवायला अर्धा दिवस, फोडायला अर्धा दिवस.

याला आमच्या घरात कोरडा थर म्हणतात. लिहून कुठेच ठेवलेला नाही. आजोबा म्हणायचे, “साहेबांचं मन बदलतं त्यात विटांचा काय दोष?” आणि चोवीस खिडक्या पंधरवड्यात होतात तरी कशा, असं एकाही साहेबाने कधी विचारलं नाही. काम लवकर झालं म्हणून सगळे खूश असायचे.

तर खिडकी पडली तेव्हा सतरा नंबरमध्ये एक भुरटा चोर होता. त्याची शिक्षा संपायला अकरा दिवस राहिले होते. त्या दुपारी नवी सुधारणा समिती पाहणीला येणार होती, म्हणून सगळे शिपाई बटणं घासून मोठ्या फाटकाशी उभे. हा जेवला आणि खाटेवर भिंतीला पाठ टेकून बसला. भिंत गेली. तिच्यासोबत तोही गेला, आणि रस्त्यावर विटांच्या ढिगात बसून राहिला.

पळून जाणं त्याच्या मनातही आलं नाही. तो उठला, कपडे झटकले आणि वळसा घालून मोठ्या फाटकाशी गेला.

“मला आत घ्या,” तो म्हणाला.

“आज मुलाखतीचा दिवस नाही,” फाटकावरचा शिपाई म्हणाला.

“अहो, मी आतलाच आहे.”

“आतला असतास तर आत असतास. हो बाजूला, समिती येतेय.”

तो बाजूला झाला. तासभर उभा राहिला. मग बहिणीकडे गेला, कारण बहीण जवळच राहायची आणि त्याला चहाची तल्लफ आली होती. तिसऱ्या दिवशी त्याला तिथून पकडून आणलं, आणि पळून गेल्याबद्दल एक वर्ष वाढवलं. तेव्हापासून सगळे त्याला टेकू म्हणतात.

बाकीच्या तेवीस भिंतींची तपासणी झाली. एका दांडग्या शिपायाने प्रत्येक भिंतीला खांदा लावला. नऊ भिंती पडल्या. दहावीबरोबर शिपाईच रस्त्यावर गेला, तेव्हा तपासणी थांबवली आणि उरलेल्या भिंती पहारीने उतरवून घेतल्या. मग बाबांना बोलावलं.

बाबा म्हणू शकले असते की माल जुना होता, ओल धरली, ट्रकच्या हादऱ्याने झालं. आई आजही त्यांना हे सगळं सुचवत असते, भिंतीवरच्या फोटोकडे बघून. पण चौकशीवाल्या साहेबांनी विचारलं, “ही भिंत तुम्ही नेमकी कशी बांधली?” आणि बाबांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी कामाबद्दल काही विचारलं होतं. त्यांनी सगळं सांगितलं. कागद मागून घेतला आणि चित्र काढून दाखवलं. आजोबांचं वाकडं बोटही सांगितलं. न्यायाधीशांनी चित्र स्वच्छ आहे असा शेरा मारला आणि कैद्याला पळायला मदत केल्याबद्दल दोन वर्षं दिली.

“जन्मभर माझ्याशी एक शब्द खरा बोलला नाही,” आई म्हणाली, “आणि कोर्टात जाऊन हरिश्चंद्र झाला.”

बाबांच्या छातीत तीस वर्षांची सिमेंटची धूळ होती. घरी असताना ते पहाटे उठून दारात बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, आणि श्वास घ्यायचे. ते एक वेगळं कामच होतं. तुरुंगाच्या डॉक्टरने त्यांना तपासलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, ‘मोकळी हवा, रोज’. कंपाउंडरने चिठ्ठी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, “हे आमच्याकडे येत नाही.”

पण नशीब असं, की पडलेल्या खिडक्या तशाच होत्या. त्यांना तात्पुरते गज ठोकलेले होते. बाबा गजांना तोंड लावून बसायचे. मुलाखत महिन्यातून दोनदा, पण रस्ता सरकारचा आणि सगळ्यांचा. मी रोज सकाळी कामावर जाताना सतरा नंबरसमोर सायकल थांबवायचो आणि चेन पडल्याचं नाटक करायचो. चार महिन्यांत माझ्या सायकलच्या चेनइतकी दुरुस्ती जगात दुसऱ्या कुठल्या चेनची झाली नसेल.

“काय रे, मोरीची फरशी बसवलीस का?” बाबा विचारायचे.

“बसवतो.”

“महिनाभर बसवतोयस. आई घसरून पडल्यावर बसव.”

“छाती कशी आहे?”

“आहे जागेवर. उतार मोरीकडे ठेव, दाराकडे नको. मागच्या वेळी तू अक्कल पाजळली होतीस.”

शेजारच्या अठरा नंबरच्या खिडकीतून टेकू ओरडायचा, “गवंडीबुवा रात्री चांगले झोपतात हो! घोरतात सुद्धा!” ही मोठी बातमी असायची. घोरणं म्हणजे आडवं झोपता येणं. खिडकी नसती तर ते जमलं नसतं.

पाचव्या महिन्यात समितीचा अहवाल आला. रस्त्याकडच्या चोवीस खिडक्या बुजवायच्या, या वेळी सिमेंटमध्ये, पक्क्या. काम परंपरेने माझ्याकडे आलं. साहेबांनी मला ऑफिसात बोलावून कागद दिला तेव्हा समितीच्या बाईही तिथे बसल्या होत्या. चांगल्या बाई. त्यांनी मला खुर्ची दिली. त्या ऑफिसातल्या खुर्च्या आमच्या घराण्याने आजवर फक्त फरशी बसवताना बाजूला सरकवल्या होत्या.

“बाई,” मी म्हटलं, “माझे वडील सतरा नंबरमध्ये आहेत. त्यांना दमा आहे. डॉक्टरांनी मोकळी हवा लिहून दिलीय. खिडकी बुजवली तर ते जगायचे नाहीत.”

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. खरोखर लिहून घेतलं, मी वाकून पाहिलं.

“तुमचं दुःख मला कळतं,” त्या म्हणाल्या. “पण हेही बघा. त्या खिडक्यांमधून रस्त्यावरचे लोक कैद्यांकडे बघतात. पोरं बोटं दाखवतात. कैदी म्हणजे काय पिंजऱ्यातलं जनावर आहे? त्यालाही मान आहे. आम्ही दोन आठवडे समोरच्या दुकानात माणूस बसवून नोंदी केल्या. सतरा नंबरसमोर तर एक सायकलवाला रोज अर्धा अर्धा तास टक लावून बघत उभा असतो. रोज! अहवालात त्याच्यावर वेगळा परिच्छेद आहे.”

साहेब कागदावर कसलातरी शिक्का जुळवत बसले.

“तो सायकलवाला मी आहे,” मी म्हटलं.

बाईंचा चेहरा पडला. त्यांना खरंच वाईट वाटलं. “अहवाल छापून झाला हो,” त्या म्हणाल्या. “पण दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक खोलीत हवेची नळी बसवायची आहे. मी स्वतः लक्ष घालते.”

“दुसरा टप्पा कधी?”

“पहिला झाला की.”

साहेब म्हणाले, “तुला करायचं नसेल तर दुसरा गवंडी बघतो. सक्ती नाही.”

मी कागद घेतला. दुसरा गवंडी आला असता तर त्याने सरळ भिंत बांधली असती. मला वाकडी बांधायची होती.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती पाट्यावर काहीतरी वाटत होती, थांबली नाही.

“कोरडा थर ठेव,” ती म्हणाली.

“या वेळी पहार मारून बघणार आहेत. थर सापडेल.”

“मग एक वीट ठेव. चोवीस खिडक्यांत एक वीट. देवाला सुद्धा सापडायची नाही.”

मीही तेच ठरवलं होतं. सतरा नंबरच्या उजव्या कोपऱ्यात, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, एक वीट आडवी घालायची, भिंतीच्या आरपार. आजूबाजूला नुसती माती. बाहेरून दर्जा अर्धं बोट, तीही कच्च्या मालाची, नखाने निघेल अशी. आतून वीट ओढून घ्यायची, श्वास घ्यायचा, परत सरकवायची. पहार मारणारा माणूस मधोमध मारतो, कोपऱ्यात मारत नाही. तेवढा अनुभव आम्हाला होता.

तेवीस खिडक्या झाल्या. एकेकीला एक दिवस. सतरा नंबर मी शेवटी ठेवली.

काम चालू असताना कैद्याला दुसरीकडे हलवायचा नियम होता, पण दुसरीकडे जागा नव्हती. पूर्वी अशा वेळी पायात साखळी घालायचे. साखळ्या आधीच्या एका सुधारणेत बंद झाल्या होत्या, म्हणून बाबांचा पाय काथ्याच्या दोरीने कड्याला बांधला होता. बाहेर माझ्यावर नजर ठेवायला एक म्हातारा हवालदार स्टुलावर बसवला होता. त्याला सगळे जांभई म्हणायचे, आणि तो स्वतःही त्या नावाला ओ द्यायचा.

“कामाशिवाय बोलायचं नाही,” जांभईने आम्हा दोघांना बजावलं. “कामाचं काय ते बोला.” आणि अर्ध्या तासात त्याची मान छातीवर आली.

मी गज काढले. खिडकी पूर्ण मोकळी झाली. गुडघ्यापासून वर, दोन हात रुंद. आत बाबा उभे होते. पाच महिन्यांत पहिल्यांदाच आमच्यामध्ये काहीच नव्हतं.

बाबांनी पाय उचलून दाखवला. दोरी सुटलेली होती. तिचं टोक त्यांनी हातात धरलं होतं.

“गाठ बांधणाऱ्याला गाठ येत नाही,” ते म्हणाले. “बरं दिसत नाही म्हणून धरून ठेवलीय.”

मी जांभईकडे बघितलं. त्याच्या तोंडातून लाळेची तार निघाली होती. रस्त्यावर कुणी नव्हतं. सायकल भिंतीला लावलेली होती.

“बाबा,” मी हळू म्हटलं, “या.”

ते विचार करत राहिले. खरंच विचार करत होते, मला दिसलं. एक हात त्यांनी चौकटीवर ठेवला. मग चौकटीवरची धूळ बोटाने पुसली आणि बोट बघितलं.

“अकरा दिवसवाल्याला एक वर्ष दिलं,” ते म्हणाले. “माझे एकोणीस महिने बाकी आहेत. हिशेब कर. आणि माझ्या जागी आज संध्याकाळी इथे कोण बसेल? हा जांभई तर बसायचा नाही. तू बसशील. आईकडे मग कोण बघणार, मी? लपून?” त्यांना खोकला आला. तो संपेपर्यंत मी माल कालवत राहिलो.

“पाणी जास्त झालंय,” खोकला संपल्यावर ते म्हणाले.

“नाही झालं.”

“झालंय. थापीवरून घसरतोय बघ. सिमेंट टाक अजून.”

मी सिमेंट टाकलं. पहिला थर घातला, दुसरा घातला. बाजूंना जुन्या भिंतीत दात काढून विटा अडकवल्या. बाबा आत खाटेवर बसून बघत होते. ओळंबा मी लावायचो आणि सरळ आहे का ते ते सांगायचे. तिसऱ्या थरानंतर त्यांच्या सदऱ्याची बटणं दिसेनाशी झाली. सहाव्यानंतर खांदे.

“मोरीची फरशी?” त्यांनी विचारलं. हे कामाचंच होतं.

“बसवली. उतार मोरीकडे.”

“आई काय म्हणाली?”

“म्हणाली, बाप आत गेल्यावर पोराला अक्कल आली.”

बाबा हसले. हसताना छातीतून फाटक्या भात्यासारखा आवाज आला. “वरची कौलं बघून घे. आणि कर्णी माझी वापरू नकोस, तिचा दांडा हललाय. नवा बसव, मग वापर.”

आता मला त्यांचं फक्त तोंड दिसत होतं, बरोबर त्या उंचीवर. मी ती वीट उचलली. बाजूला डब्यात चाळलेली माती ठेवली होती. वीट आडवी घातली, माती भरली, बाहेरून दर्जा ओढली. दर्जा सुबक झाली.

आतून टकटक आवाज आला. बाबा चमच्याने विटा वाजवून बघत होते, एकेक. टक. टक. टक. मग त्या विटेवर वेगळा आवाज आला.

“ही वाजते,” ते म्हणाले.

“वाजू दे.”

“काढ.”

“बाबा, तुमच्यासाठी ठेवलीय. आतून ओढली की निघेल. हवा येईल.”

“मला कळलं कशाला ठेवलीय. काढ.”

“पहार मधोमध मारतात.”

“या वेळी सगळीकडे मारतील. अकरा भिंती पडल्यात त्यांच्या. माझं चित्र आहे त्यांच्याकडे, मीच काढून दिलंय. एक वीट सापडली की तू अठरा नंबरात, टेकूच्या मांडीवर. आणि मग मला हवा पुरेल?”

“तुम्ही मरून जाल आत,” मी म्हटलं. आवाज थोडा मोठा झाला.

जांभई दचकून उठला. “काय? काय चाललंय? कामाचं बोला!”

“कामाचंच बोलतोय हवालदार,” बाबा आतून म्हणाले. “कोपऱ्यातली वीट पोकळ वाजतेय. पोरगं ऐकत नाही.”

जांभई स्टुलावरून उठून आला, भिंतीला कान लावला आणि म्हणाला, “वाजव.” बाबांनी वाजवली. “खरंय की,” जांभई मला म्हणाला. “काढ ती. म्हातारा आत बसून तुझ्यापेक्षा बरं काम करतोय.”

मी वीट काढली. माती ब्रशने झाडली. जांभई डोक्यावर उभा होता. वीट भिजवली, चारी बाजूंनी माल लावला आणि बसवली. आत जादा आलेला माल बाबांनी बोटाने कापून काढला आणि वरच्या फटीतून मला परत दिला. वाया जायला नको म्हणून.

टक, आतून आवाज आला. भरीव.

“आता बरोबर,” बाबा म्हणाले.

त्यानंतर पाच थर राहिले होते. आम्ही कामाशिवाय बोललो नाही. कामाचंही फार नव्हतं. शेवटच्या विटेआधी त्यांनी फटीतून तीन बोटं बाहेर काढली, आणि मी ती धरली. जांभईने दुसरीकडे बघितलं. मग आतून आवाज आला, “सात दिवस पाणी मार. सकाळ-संध्याकाळ. आळस करू नकोस, तडा जाईल.”

मी सात दिवस पाणी मारलं. सकाळ-संध्याकाळ. भिंतीपलीकडून टेकूचाही आवाज येईनासा झाला होता, त्याची खिडकी तर मीच दोन आठवड्यांपूर्वी बुजवली होती.

आठव्या दिवशी साहेब चार माणसं आणि दोन पहारी घेऊन आले. मधोमध मारलं, वर मारलं, खाली मारलं, चारी कोपऱ्यांत मारलं. उजव्या कोपऱ्यात दोनदा मारलं. काही हललं नाही. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, “बापाने असं काम केलं असतं तर आज बाहेर असता.” माझं नाव मान्यताप्राप्त कारागिरांच्या यादीत चढलं. प्रमाणपत्र आलं, त्यावर तराजूचं चित्र होतं.

मुलाखतीला बाबा दर वेळी एका आकाराने लहान होऊन यायचे. तिसऱ्या मुलाखतीला त्यांना दोघांनी धरून आणलं. मी हवेच्या नळीचं विचारलं. साहेब म्हणाले, नळ्या आल्यात, पण त्या घालायला भिंतीत भोकच नाही. भोक पाडायला लागेल. भोक पाडायचं तर पक्क्या भिंतीला धक्का लागेल, आणि त्याला समितीची परवानगी लागेल. मी समितीच्या बाईंना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, हाताने लिहिलेलं, दोन पानी. त्यांनी समितीचा राजीनामा दिला होता. पत्र वाचून आई रडली. मग म्हणाली, “बिचारी.”

थंडीत बाबा गेले. बसलेल्या अवस्थेत गेले, असं सांगितलं. दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

टेकू त्याच महिन्यात सुटला. तो घरी आला, आईने त्याला चहा दिला.

“गवंडीबुवा शेवटी शेवटी भिंतीला काहीतरी करायचे,” तो म्हणाला. “खर्र खर्र असा आवाज यायचा. दुपारभर. आठेक दिवस चाललं. मग थांबलं. मग दोन दिवस दुसराच आवाज, हळू, लिंपल्यासारखा. मग तोही थांबला.”

आईने विचारलं, “साखर कमी नाही ना?”

“नाही काकू,” टेकू म्हणाला, आणि भिंतीला न टेकता ताठ बसून चहा संपवला.

वर्षभराने नवी समिती आली. तिने जुन्या समितीचा अहवाल वाचला आणि तिला धक्का बसला. चोवीस माणसं विनाहवेची! वर्तमानपत्रात आलं. खिडक्या फोडायचा हुकूम निघाला. यादीत माझंच नाव होतं.

मी सतरा नंबरपासून सुरुवात केली. तीन दिवस लागले. माझ्याच मालाने माझ्या दोन छिन्न्या मोडल्या. साहेब मधूनमधून येऊन बघायचे आणि मान हलवायचे. “काय काम आहे,” म्हणायचे, “काय काम आहे!”

तिसऱ्या दिवशी उजव्या कोपऱ्याशी पोचलो. आतल्या बाजूने त्या विटेभोवतीच्या दर्जा वेगळ्या रंगाच्या होत्या. मी छिन्नीचं टोक लावलं, तर तेवढाच माल पिठासारखा सुटला. चुन्याची पापडी, साबण आणि राख यांचा होता तो. खाली माझं सिमेंट खरवडलेलं होतं, विटेच्या चारी बाजूंनी, चमच्याच्या टोकाने. अंगठ्याच्या पेराएवढं खोल. त्याच्यापुढे एक वीतभर सिमेंट तसंच होतं.

तिथवर आल्यावर त्यांनी सगळं परत भरून ठेवलं होतं. आणि दर्जा ओढली होती, कडेने सरळ, दोरीने आखल्यासारखी. आत बसून, अंधारात.

मी ती वीट बाजूला ठेवली. बाकीच्या विटा पायाशी रचल्या, शाबूत होत्या तेवढ्या. फार नव्हत्या.

साहेब नव्या खिडकीशी येऊन उभे राहिले. आतली हवा बघून नाकाला रुमाल लावला, मग काढला.

“बरं झालं हे,” ते म्हणाले. “पण काय आहे, पुढची समिती कधी येईल सांगता येत नाही. समजा परत बुजवायची वेळ आली, तर एका खिडकीला किती वेळ लागेल?”

मी कर्णी धुतली. नव्या दांड्याची होती, बाबांची.

“अर्धा दिवस,” मी म्हटलं.